घरशाळा: चौथीनंतर कोणती पुस्तकं, आणि वर्ष कसं आखायचं?

हिरवी_पाटी
नमस्कार मंडळी. येत्या जूनपासून घरशाळा सुरू करतोय. मुलगी दहा वर्षांची, मराठी माध्यमातून चौथी झाली. मुलगा सहाचा, पहिलीच्या वयाचा. मुक्काम नाशिक. घरशाळा करावी की नाही यावर इथे आधीच बरंच लिहून झालंय, त्यामुळे ती चर्चा या धाग्यावर नको ही विनंती.

विचारायचंय ते असं: पुस्तकं बालभारतीची घ्यावीत, एनसीईआरटीची, की बाहेरचा एखादा तयार संच मागवावा? दोन वयांची मुलं एकत्र कशी बसवायची? आणि जून ते एप्रिल या काळाची आखणी कागदावर कशी मांडायची?

माझं मत आत्ता तरी असं आहे की एकच बोर्ड धरावं आणि पाचवी ते दहावी त्याचीच पुस्तकं क्रमाने संपवावीत. निदान काही सुटायची भीती नाही.

उलट_मोजणी
पुस्तकं शेवटी ठरवा. आधी दहावीचा रस्ता बघा आणि तिथून मागे मोजत या.

महाराष्ट्रात घरी शिकणाऱ्या मुलांसाठी मुख्य रस्ते तीन. पहिला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय, त्यात निदान एक भाषा. उत्तीर्णतेला ३३ टक्के. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात, त्यामुळे पाचही विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. मराठी माध्यमही आहे, पण विषय नक्की करण्याआधी त्याचं मराठी पुस्तक संकेतस्थळावर खरोखर आहे का ते उघडून बघा.

दुसरा आपला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून एसएससीला बसायचं. इथे तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं सगळं लागतं, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. त्याच्या परीक्षा पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या टप्प्यांवर असतात.

तिसरा केंब्रिजचा आयजीसीएसई. शुल्क विषयागणिक, आणि ते भारी. शास्त्र विषयांत प्रयोगशाळेचा पेपर ५ टाळून लेखी पर्याय असलेला पेपर ६ घेता येतो, म्हणून घरी शिकणाऱ्यांना जमतो. पण खासगी परीक्षार्थींना बसू देणारं केंद्र आधी शोधावं लागतं.

तुमची मुलगी दहाची, म्हणजे हातात चार ते सहा वर्षं आहेत. एसएससी धरायची असेल तर तिन्ही भाषा सुटता कामा नयेत. एनआयओएस धरलंत तर हिंदीला सुट्टी देऊन तो वेळ दुसरीकडे लावता येईल. हे आज ठरवलंत की पुस्तकांचा अर्धा प्रश्न सुटतो.

सडा_आणि_कातळ
उलट_मोजणी यांच्या माहितीबद्दल वाद नाही, पण दिशा पटली नाही. दहा वर्षांच्या मुलीचं वर्ष पंधराव्या वर्षीच्या परीक्षेवरून आखायचं असेल तर ती शाळेतच बरी होती. बाराव्या वर्षापर्यंत तीनच गोष्टी पक्क्या करा: अडखळत न वाचणं, मनातलं नीट लिहिणं आणि अपूर्णांकापर्यंतचं गणित. बाकी बोर्डाचं दोन वर्षांत भरून निघतं.

उलट_मोजणी
सडा, भरून निघतं हे खरं, पण कुणाचं? ज्याची भाषा आणि गणित पक्कं आहे त्याचंच. म्हणजे आपण दोघं एकच सांगतोय. मी फक्त दोन गोष्टी आधी ठरवायला सांगतोय: भाषा किती आणि माध्यम कोणतं. सातवीपर्यंत मराठीत शिकून आठवीला इंग्रजी माध्यमाकडे वळायचं तर शास्त्राची सगळी परिभाषा बदलते. ते बाराव्या वर्षी सुचून चालत नाही.

ताशी_हिशेब
वेळेचा अंदाज घ्यायला कायद्यातलाच आकडा धरा. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास दिलेत. म्हणजे प्राथमिकला दिवसाला चार तास. पण हे तास वर्गाचे आहेत. हजेरी, वह्या तपासणं, फळा पुसणं, चाळीस मुलांना गप्प करणं, सगळं त्यात आलं. समोर एक मूल असताना दहा वर्षांच्या मुलीला रोज दोन ते अडीच तास बसून काम पुरतं. सहा वर्षांच्या मुलाला तास-सव्वा तास, तोही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत.

पहिल्या वर्षी हमखास बिघडतं ते इथेच. शाळेचं आठ तासिकांचं वेळापत्रक जसंच्या तसं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागतं आणि श्रावण यायच्या आत आई आणि मूल दोघांचा जीव मेटाकुटीला येतो.

कालनिर्णयवाली
वर्षाची आखणी भिंतीवरच्या कालनिर्णयावरच करा, वेगळी वही नको. पद्धत अशी:

१६ जून ते ३० एप्रिल म्हणजे साधारण ४५ आठवडे. गणपतीचा १, दिवाळीचे २ वजा. लग्नं, पाहुणे, ताप-सर्दी यांचे ४ वजा, हे येणारच. वर आणखी ४ आठवडे राखीव, त्यांत काहीही लिहायचं नाही. उरले ३४. गणिताच्या पुस्तकात १६ प्रकरणं असतील तर प्रकरणाला दोन आठवडे आणि दोन आठवडे उजळणीला. आखणी ३४ वरच करायची, ४५ वर नाही.

राखीव आठवडे सगळे मार्चला ढकलू नका. सहा-सात आठवड्यांच्या कामानंतर एक ठेवा. मागे राहिलेलं त्यात संपतं, आणि काही राहिलं नसेल तर तो आठवडा मोकळा.

तारखा फक्त गणिताला आणि भाषेला घाला. परिसर अभ्यासाला महिना घाला, तारीख नको. पाऊस, पिकं, नदी हे विषय जून ते सप्टेंबर. आकाश नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा ते स्वच्छ असतं. किल्ले दिवाळीनंतर. पुस्तकात पावसाचा धडा फेब्रुवारीत आला म्हणून तो फेब्रुवारीतच शिकवायचं बंधन घरशाळेला नाही, आणि माझ्या मते घरशाळेचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

अकोलेकर
कालनिर्णयवाली, आमच्याकडे हा हिशेब थोडा सरकवावा लागतो. विदर्भात शाळाही जूनअखेरच उघडतात. मार्चच्या मध्यापासून बैठकीचं काम सकाळी साडेनऊच्या आत संपवावं लागतं, म्हणून जास्त मेहनतीचे विषय ऑक्टोबर ते फेब्रुवारीत घ्यायचे आणि एप्रिल वाचनाला मोकळा सोडायचा. आणि एप्रिल-मेची परीक्षा असेल तर केंद्र घराजवळचंच घ्या. भर उन्हातला प्रवास वाचतो.

दशक_एकक
गणितावर सविस्तर लिहितो, कारण घरशाळेत सगळ्यात आधी गळती लागते ती इथे.

पाचवीचं पुस्तक उघडण्याआधी चौथीच्या पुस्तकातून वीस उदाहरणं काढा. प्रत्येक क्रियेची चार, अपूर्णांकाची दोन आणि मापनाची दोन. सोळा किंवा जास्त बरोबर आली तर पुढे जा. कमी आली तर गुण बघू नका, चूक कुठल्या जातीची आहे ते बघा.

नेहमीची चूक म्हणजे ६२४ ÷ ६. उत्तर १४ येतं. मधलं शून्य गळलं. "शून्य लिहायला विसरलीस" एवढं सांगून भागत नाही, पुढच्या आठवड्यात ७२१ ÷ ७ चं १३ होतं. खेळातल्या नोटा घ्या: शंभराच्या सहा, दहाच्या दोन, रुपयाची चार नाणी. सहा वाट्या मांडा. शंभराच्या नोटा वाटल्या, प्रत्येकीत एक. आता दहाच्या दोन नोटा सहा वाट्यांत जात नाहीत, म्हणून कुणालाच दहाची नोट मिळाली नाही. हे तिने तोंडाने म्हणायचं आणि दशकाच्या घरात ० लिहायचं. मग दोन्ही नोटा मोडून वीस नाणी, आधीची चार मिळून चोवीस, प्रत्येकीत चार. एका वाटीत काय आहे? शंभराची एक नोट आणि चार नाणी. १०४. असे पाच-सहा भागाकार वाट्यांत झाले की मग नोटा बाजूला ठेवून कागदावर.

धाकट्यासाठी गणितमाळ करा. शंभर मणी, दहा लाल दहा पांढरे असे आलटूनपालटून. दोरा मण्यांच्या लांबीपेक्षा दहा सेंटिमीटर जास्त ठेवा, नाहीतर मणी सरकत नाहीत आणि मोजताना बोट अडखळतं. ३७ कुठे, तर तीन रंग ओलांडून सात. तिथे कपडे वाळत घालायचा चिमटा. नवनिर्मिती आणि जोडो ज्ञान या संस्थांनी असं साहित्य वर्षानुवर्षं वापरलंय, तयारही मिळतं.

चिंचोके
दशक_एकक यांच्या वाट्या वाचून घराघरांतून आमटीच्या वाट्या गायब होणार आता :)

साहित्यावरून सांगते, लहान मुलासाठी महागडे लाकडी संच मागवायच्या आधी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं काम बघा. नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा, बोर्डीचं ग्राम बाल शिक्षा केंद्र १९४५ चं. माँटेसोरीचं तत्त्व तेच, पण साहित्य परिसरातलं: शंख-शिंपले, बिया, पानं, माती. चिंचोक्यांत मोजणीही होते आणि एका बाजूने घासलेला चिंचोका फासा म्हणून चालतो. सहाव्या वर्षी याहून जास्त काही लागत नाही.

सत्तर_आठ
दशक_एकक, गणितमाळेवर ३७ ला "तीस सात" म्हणायचं की "सदतीस"? २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यावाचनाला पर्याय म्हणून तसं वाचन दिलं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता.

दशक_एकक
दोन्ही. मंगला नारळीकरांच्या समितीचा मुद्दा साधा होता. "सदतीस"मध्ये सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना तीन आधी लिहायचा असतो, त्यामुळे ७३ लिहिलं जातं. माळेवर दाखवताना "तीस आणि सात, सदतीस" असं सलग म्हणवा. बाजारात, घड्याळात, बसच्या तिकिटाला सदतीसच. खास सराव लागतो तो एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसत्तर यांना. तिथे मूल पुढच्या दशकाचं नाव ऐकतं आणि ३९ चं ४९ करतं. त्यांची माळेवर वेगळी जागा दाखवा: चाळिसाच्या अलीकडचा एक मणी.

आजोळ
एकोणनव्वद आणि नव्याण्णव यांची गल्लत तर मोठ्यांचीही होते. असो, विषयांतर पुरे.

अक्षरगट
सहा वर्षांच्या मुलाच्या मराठी वाचनाबद्दल कुणी लिहिलं नाही. "अ अननसाचा"पासून "ज्ञ"पर्यंत ओळीने जाऊ नका. अक्षरगट घ्या. क, म, ल, न, र आणि काना एवढ्यावर पहिल्या पंधरवड्यातच खरे शब्द वाचून होतात: कान, नाक, काम, लाल, मका, कमान. मग दुसरी वेलांटी आणली की मी, काकी, कमी. नवा गट तेव्हाच, जेव्हा जुन्या गटातला कधीही न वाचलेला शब्द मूल स्वतः वाचतं. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व एकाच आठवड्यात आणू नका. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेने या दिशेने पुष्कळ काम केलंय.

जोडाक्षरांत सगळ्यात चिवट "र". सूर्य, ग्रह, राष्ट्र, सुऱ्या. चारही रूपं वेगवेगळ्या आठवड्यांत, आणि प्रत्येकाची शब्दपट्टी दाराला चिकटवलेली. इंग्रजीची घाई नको. मराठी वाचन धावायला लागेपर्यंत इंग्रजी कानावर पडू दे, गाणी आणि गोष्टी. एकाच महिन्यात दोन लिप्या सुरू केल्या की दोन्ही अडखळतात.

थोरलीसाठी बालभारतीचं "किशोर" मासिक सुरू करा, १९७१ पासून चालू आहे. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर पोसलेलं वाचन लवकर थकतं.

पर्जन्यमापक
विज्ञानाचं पुस्तक पहिले चार महिने नाही उघडलंत तरी चालेल. नाशिकला जूनमध्ये पर्जन्यमापक बसवा, दोन्ही मुलांना एकच काम पुरतं. धाकटा वाचून आकडा सांगेल, थोरली आलेख काढेल.

दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या. निमुळता भाग सुरू होतो तिथे कापा आणि तो वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. शीतपेयाच्या बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे टाकून त्यांच्या वरपर्यंत पाणी भरा आणि त्या पाण्याच्या पातळीला शून्याची रेघ मारा. पट्टी तिथून वर चिकटवा, मिलिमीटर थेट वाचता येतात. अट एकच: नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग सारख्याच रुंदीचं हवं. तोंड रुंद आणि अंग अरुंद असेल तर पाऊस जास्त दिसतो.

जागा उघडी हवी. भिंत जितकी उंच तिच्या निदान दुप्पट अंतरावर. गच्चीच्या कठड्याला लागून ठेवली की वाऱ्याच्या दिशेप्रमाणे आकडा खोटा येतो. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. मग पेपरातल्या आकड्याशी तुलना करता येते. खातं ६४.५ मिमीपासून पुढे जोरदार पाऊस म्हणतं, ती रेघ आलेखावर लाल पेनाने आधीच मारून ठेवा.

निळी_शाई
बाटलीऐवजी पत्र्याचा डबा असला तर? आतलं दिसत नाही.

पर्जन्यमापक
मग पाणी मोजपात्रात ओतून मोजा. डब्याचं तोंड सेंटिमीटरच्या आलेख कागदावर ठेवून गिरवा आणि आतले चौकोन मोजा. अर्ध्याहून मोठा तुकडा एक धरायचा, लहान सोडायचा. तोंड १० सेंमी रुंद असेल तर ७८-७९ चौकोन येतील. म्हणजे ७८ मिलिलिटर पाणी जमलं तर १ सेंमी पाऊस. वर्तुळाचं सूत्र पुढे सातवी-आठवीत भेटेल तेव्हा मुलगी त्याला आधीच ओळखत असेल. त्याच्याच पुढचं: एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिमी पडला तर हजार लिटर. टाकीवर लिहिलेल्या आकड्याशी तिला जुळवू द्या.

इतर प्रयोगांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ आहे, खेळणी आणि पुस्तकं फुकट, मराठीतही. तयार विज्ञानपेट्या मागवू नका. त्या एका दुपारी संपतात.

भिंगरी_न्यूयॉर्क
परदेशातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये जवळजवळ काही कळवावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये १ जुलैपर्यंत हेतूपत्र, मग वर्षाचा लेखी आराखडा, दर तिमाहीला अहवाल. सहावीपर्यंत ९०० तास आणि पुढे ९९०. आणि जर्मनीला बदली होणार असेल तर तिथे घरशाळा कायद्याने चालत नाही, शाळेत जावंच लागतं. निघण्याआधी माहीत असू दे.

तिमाही अहवालाची सवय भारतातही उपयोगी आहे. प्रत्येक विषयाला चार-पाच ओळी: काय झालं, कशाने झालं, काय राहिलं. अर्ध्या तासाचं काम.

घाटवाटा
इतिहास-भूगोल. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपती झालेत, म्हणजे थोरलीला पार्श्वभूमी आहे. तुम्ही नाशिककर, साल्हेर जवळ. १६७२ ची लढाई आणि राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर. जाण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा उतरवून घ्या, नोंदणी केली की त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. २ सेंमी म्हणजे १ किमी. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या टप्प्याने. दोऱ्याने वाट मोजायची, रेषा मोजून चढ काढायचा आणि मग प्रत्यक्ष चालायचं. रेषा जिथे दाटल्यात तिथेच दम लागतो, हे पायांना कळलं की पुन्हा शिकवावं लागत नाही.

नदीसाठी लांब जायला नको. ब्रह्मगिरी, त्र्यंबक, गंगापूर धरण, रामकुंड. एकाच नदीचे चार थांबे, चार रविवार.

बाकावरचा
सगळं उत्तम, पण मुलं मुलांत कधी मिसळणार?

सूरपेटी
बाकावरचा, हा प्रश्न वेळापत्रकातच सोडवायचा असतो, वेगळा नाही. आठवड्याच्या दोन संध्याकाळी अशा ठिकाणी जिथे तीच ती मुलं पुन्हा पुन्हा भेटतात. एकेका दिवसाच्या शिबिरांतून मैत्री होत नाही. गायन-वादन-नृत्याला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. वर्षातून दोन सत्रं, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. शाळेत नाव असण्याशी संबंध नाही. बुद्धिबळातही जिल्हा संघटनेतून वैयक्तिक नोंदणीवर खेळता येतं. शालेय क्रीडास्पर्धा मात्र मिळत नाहीत, ते धरून चाला.

कोरा_कागद
लिखाणावर बोट ठेवतो. घरशाळेत बोलून बरंच शिकून होतं, म्हणून लिहिणं मागे पडतं. मग चौदाव्या वर्षी बोर्डाचा तीन तासांचा पेपर समोर येतो आणि सगळं येत असून हात दुखतो म्हणून शेवटचे प्रश्न सुटतात. अकराव्या वर्षापासून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून अर्धा तास सलग लेखन. बाराव्या-तेराव्या वर्षी तासभर. परीक्षेच्या आधीच्या वर्षी महिन्यातून एक पूर्ण तीन तासांचा पेपर, पेनाने, खुर्चीवर बसून. आणि तपासताना एका वेळी एकच गोष्ट तपासा. एका आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ, दुसऱ्यात फक्त परिच्छेद. लाल शाईने माखलेली वही मूल पुन्हा उघडत नाही.

हिरवी_पाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच बोर्ड, एकच संच हे मत बदललं. आराखडा असा केलाय:

गणित आणि मराठीला बालभारती, ई-बालभारतीवरून पीडीएफ. विज्ञानाला पाऊस आणि प्रयोग, सहावीपासून एनसीईआरटी. माध्यम मराठीच. दहावीला एनआयओएस, पण हिंदी सोडत नाही, म्हणजे एसएससीचं दार उघडं राहील. विज्ञान, इतिहास, भूगोल दोन्ही मुलांना एकत्र. गणित आणि भाषा वेगवेगळ्या: आधी धाकटा, तेवढा वेळ थोरली स्वतःचं वाचेल. सोमवार ते शुक्रवार साडेआठ ते साडेअकरा. ३४ आठवडे.

दोन शंका उरल्यात. मुलीचा शाळेचा दाखला आत्ता काढून घ्यावा का? आणि एनआयओएसचे पाचही विषय एकदम की तुकड्यांनी?

उलट_मोजणी
दाखला घ्याच, आणि घेण्याआधी तपासा. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि आधारशी, आईचं नाव आणि जन्मस्थळ जन्मदाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. जातीची नोंदही बघा. विद्यार्थी शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी. एकदा नाव कमी झालं की त्याच नोंदीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या पडतात. मूळ दाखल्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून मूळ जपून ठेवा. जातीच्या दाखल्याला आणि पुढे पडताळणीला यावरचीच जातीची नोंद लागते. धाकटा अजून कुठे दाखल नसेल तर त्याचा जन्मदाखला आणि आधार आत्ताच जुळवा.

पुन्हा शाळेत घालायची वेळ आली तर हक्क अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे चौदापर्यंत तो दरवाजा बंद होत नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक आले तर वाद घालू नका. तिमाही अहवाल आणि वह्या दाखवा.

एनआयओएस तुकड्यांनीच. ज्या विषयांची पक्की तयारी आहे ते दोन किंवा तीन आधी, बाकीचे पुढच्या सत्रात. विज्ञानाबरोबर गणितालाही प्रात्यक्षिक आहे, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. गृहपाठांना २० टक्के भार असतो आणि त्यांची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. ती तारीख कालनिर्णयावर परीक्षेपेक्षा ठळक लिहा. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा, पुढच्या प्रवेशांना बरं पडतं. अकरावीच्या प्रवेशाला बसायचं असेल तर शेवटचा विषय ऑक्टोबर-नोव्हेंबरला संपवा, म्हणजे त्यातून राहिलाच तर एप्रिल हाताशी असतो. आणि बारावीही तिथूनच करायची असेल तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं. एका वर्षाच्या अंतराने चारच विषय देता येतात, पाचवा नंतर.

ताशी_हिशेब
आराखड्यात एक दुरुस्ती सुचवतो. पाचही दिवस बैठकीचे ठेवू नका. चार ठेवा आणि बुधवार मोकळा. वाचनालय, नदी, बाजार, प्रयोग सगळं बुधवारी. ३४ आठवडे गुणिले चार म्हणजे १३६ बैठका. त्यात पाचवीचं गणित-भाषा सहज बसतं. पाच दिवसांची आखणी केली की बाहेर जायचा प्रत्येक दिवस "बुडाला" म्हणून लिहिला जातो.

कालनिर्णयवाली
+१. आणि धाकटा आधी नको, थोरली आधी घ्या. तिचं नवं गणित डोकं ताजं असताना, साडेआठ ते सव्वानऊ. तेवढा वेळ तो मण्यांत आणि चित्रांत रमतो. तो बसला की ती तेच उदाहरण एकटीने सोडवेल. उलट केलंत तर त्याचं झाल्यावर तो मोकळा, आणि तिचं गणित त्याच्या दंग्यात.

हिरवी_पाटी
बुधवार मोकळा आणि थोरली आधी, दोन्ही बदल केले. दाखल्यासाठी सोमवारी शाळेत जातेय. जाण्याआधी जन्मदाखला बघितला तर त्यावर आईच्या नावाच्या जागी फक्त माहेरचं नाव आहे आणि माझ्या आधारवर सासरचं. आधी कुठलं बदलू?

उलट_मोजणी
मुलीच्या आधारवर आईचं नाव सहसा नसतं, त्यामुळे तिथे अडत नाही. दाखल्यावर आईचं फक्त पहिलं नाव लागतं, ते दोन्हीकडे एकच असेल तर काहीच बदलू नका. पहिलं नावच लग्नानंतर बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद सोबत ठेवा आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मदाखल्यावरचं नावच राहू द्या.